लॅमिनेट केलेला कॅप्टन

हॅलो?… हो, मीच. मीच बोलतोय… हळू बोलतोय, कारण समोर पाटी आहे. मोबाइलचं चित्र आणि त्यावर आडवी लाल रेघ… अगं, भाषा कळत नसली तरी रेघ कळते ना! एकतीस वर्षं अशाच पाटीखाली बसून काढलीत मी.

हो, अजून कचेरीतच आहे… नाही, चहाला नाही बसलो. तू सहाव्यांदा फोन करतेयस, मोजलेत मी. पाच वेळा कापला, कारण बाई चष्म्यावरून बघत होत्या… कुठल्या बाई म्हणजे? चौथ्या खिडकीतल्या. बंदर खात्याच्या.

ऐक ना. एकूण खिडक्या चार. पहिली आरोग्याची, ती झाली. दुसरी पासपोर्टची, तीही झाली. तिसरी कस्टमची, तिथेही फारसं काही झालं नाही. चौथीशी बोलणी चालू आहेत.

दोन वाजून वीस मिनिटं. माझ्याही मनगटावर घड्याळ आहे गं… हो, चार वाजता. आपल्या एकुलत्या एका लेकीचं रजिस्टर लग्न आज चार वाजता, वर टेकडीवरच्या नोंदणी कार्यालयात आहे, हे तू मला सकाळपासून अकरा वेळा सांगितलंयस. विसरलो असतो तर आठवलं असतं.

हो, हो… तुझी बहीण विमानानं आली. काल आली. दोन तासांत आली आणि झोपून उठून केस धुऊन बसली असेल, मान्य. पण 'बाप समुद्रावरून येईल' असं पोरीला कुणी सांगितलं होतं?… मीच सांगितलं होतं. मीच विचारलं, मीच उत्तर दिलं, तू कशाला मधे बोलतेस?

मला इथून दिसतेयस तू. खिडकीतून. तपासणीच्या धक्क्याला आपली बोट, आणि वर तू. हात हलव बघू… दुसरा. त्या हातात झाडू आहे.

हां. आता हात हलवलाच आहेस तर एक कर. तो उजवीकडचा झेंडा जरा खाली घे… त्यांच्या देशाचा गं. पाहुण्या बोटीनं यजमानांचा झेंडा लावायचा असतो, तो लावलाय आपण, पण उलटा लावलाय. हिरवा पट्टा वर पाहिजे… बाईंनीच दाखवलं. नुसतं बोट केलं तिकडे. मी म्हटलं, बायकोनं लावला… अगं, तोंडातून निघून गेलं! या खिडकीवरचं पहिलंच वाक्य होतं ते माझं.

पिवळा नाही! पिवळ्याला हात लावू नकोस! तो आहे म्हणून आपण कायदेशीर आहोत. पिवळा म्हणजे 'आमची तपासणी व्हायची आहे, ती होईपर्यंत कॅप्टनखेरीज कुणी खाली उतरणार नाही'… हो, तुझ्या स्वयंपाकघरातल्या पडद्याचाच तुकडा. खालची झालर तेवढी दिसतेय. बाईंना तीही दिसलीय. काही बोलल्या नाहीत. सभ्य बाई आहे.

पुदिना? पुदिन्याचं काय झालं सांगू… तिसऱ्या खिडकीत अर्ज होता. 'बोटीवर कॅप्टनशिवाय इतर सजीव आहेत काय?' मी लिहिलं, 'होय. एक. पत्नी.'… मला काय माहीत गं, त्यांना कुत्री, मांजरं, रोपं हवी होती! मग खोडून 'पुदिना, कुंडीसह' लिहिलं. आता त्या कागदावर तुला खोडून पुदिना झालाय. कुंडी बोटीवरच ठेवायची. पान तोडून धक्क्यावर टाकायचं नाही.

मी कुठे टाळतोय? सांगतोच आहे. चौथ्या खिडकीपर्यंत आलो ना आपण?… अडलंय असं नाही. जरा थांबलंय.

येस मॅडम. सॉरी मॅडम. वाइफ. बोट. येस, येस, टू मिनिट्स… बाईंना म्हटलं, तू आहेस. त्यांनी मान डोलावली. त्यांच्याही घरी कुणीतरी फोनवाला असणार.

बरं, ऐक. पण मधे बोलायचं नाही… नाही, शपथ घे… बरं, नको घेऊस. आपण निघालो त्या बंदरानं एक दाखला दिला होता, बघ. 'सदर बोट रीतसर निघाली आहे, पळून गेलेली नाही.' तोच. तो मूळ दाखला इथे दाखवायचा, इथला शिक्का त्याच्या पाठीवर मारून घ्यायचा, की आपण आत. इतकं साधं आहे. जगात सगळीकडे हेच आहे.

तो दाखला… तो भिजू नये म्हणून… अगं, समुद्रात पाणी असतं!… म्हणून मी तो लॅमिनेट केला.

हॅलो?… हॅलो? आहेस ना?

हसतेयस की रडतेयस ते सांग, म्हणजे मला पुढचं वाक्य जुळवता येईल.

हो, पुढून, मागून, चारही कडांनी. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात. जाड प्लॅस्टिक. त्यानं विचारलं, साहेब, पातळ चालेल का? मी म्हटलं, तू काय मला कागदपत्रं शिकवतोस?

तर बाईंनी शिक्का उचलला. शाईत दाबला. दाखल्याच्या पाठीवर मारला. छान बसला. आम्ही दोघांनी बघितला. आणि मग तो घसरला… शाई गं, शाई. हळूहळू. बाईंनी कागदी रुमालानं पुसली. परत मारला. परत पुसला. तिसऱ्या वेळी मी प्लॅस्टिक घट्ट धरायला गेलो आणि तो माझ्या बाहीवर उमटला. तारीख, वार, सगळं स्वच्छ. म्हणजे सध्या माझा शर्ट रीतसर या देशात दाखल झालाय. मी नाही.

सोलून बघितलं. नखानं… निघालं की. निम्मा कागद बरोबर घेऊन निघालं. त्यात बोटीचं नाव होतं. आता 'सदर बोट रीतसर निघाली आहे' एवढंच राहिलंय. कुठली ते त्यांनी समजून घ्यायचं.

आहेत ना, झेरॉक्स आहेत. बारा आहेत. पण मूळ प्रतीशिवाय झेरॉक्स म्हणजे… जाऊ दे. हे वाक्य माझंच आहे, ते मी आज पूर्ण करत नाही.

माहीत आहे. अगदी बरोबर माहीत आहे. गाड्यांच्या लायसन्सच्या ऑफिसात, तीन नंबरच्या खिडकीवर, 'लॅमिनेट केलेली मूळ प्रत स्वीकारली जाणार नाही' ही पाटी कुणी लावली होती? मी. स्वतःच्या अक्षरात. खाली दोन रेघा मारून… अगं, मला वाटलं तो नियम जमिनीवरचा आहे!

आणि सांगू का… इथेही तीच पाटी आहे. या बाईंच्या मागे. हातानं लिहिलेली. दोन रेघाही आहेत. मला अक्षर कळत नाही पण मजकूर पाठ आहे. बाई तर अशा आहेत की मी बाई असतो तर हुबेहूब असाच दिसलो असतो. चष्म्याला साखळी. पेल्यावर बशी उपडी. बोटं ओली करायला स्पंजची डबी. मी खिडकीच्या बाहेर उभा आहे आणि आत मीच बसलोय, आणि मला चांगलंच माहीत आहे की मी किती चिवट माणूस आहे.

हो, केला ना फोन. आपल्या बंदरावर लगेच केला. म्हटलं, दुसरा दाखला मेलवर पाठवा. या बाई मेलवरचा चालवून घेतात, तिथून थेट आला तर. तिकडच्या माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आणि म्हणाला, साहेब गेलेत, उद्या या.

उद्या या! मी समुद्र ओलांडून बसलोय आणि तो म्हणतो, उद्या या. आणि आवाज इतका ओळखीचा वाटला, सांगू… मनातून जरा अभिमानच वाटला. अजून परंपरा टिकून आहे.

नाही, आज होणार नाही. उद्या सकाळी दहाला. तोपर्यंत पिवळा झेंडा. मरिनातली, म्हणजे पाहुण्या बोटी लावतात तिथली, एक्केचाळीस नंबरची जागा आपल्या नावावर राखून ठेवलीय, मी कुंपणातून बघून आलो. पाण्याचा नळ, विजेचा खांब, फुलांची कुंडी. पण इथून तिथे बोट हलवायची नाही. आणि बोटीवरचं माणूस उतरायचं नाही.

तू म्हणजे माणूसच ना गं. खलाशी. तूही नाही.

अगं… अगं, थांब. असं नको ना करूस. मला इथून दिसतेयस तू. झाडू खाली ठेव आणि बस जरा… त्या दोरीवर नको, ती ओली आहे. तू तयार होऊन बसलीयस का? तो ठेवणीतला निळा?… सकाळी सहापासून?… झाडत होतीस ते निळं घालूनच?

नाही, कुंपणावरून नाही. तू साठीची आहेस आणि त्यावर काटेरी तार आहे. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला पुदिना देऊन? त्या पुदिन्याची नोंद आहे म्हटलं ना!

…

हो. बरोबर ऐकलंस. 'कॅप्टनखेरीज.' कॅप्टनला उतरता येतं. कॅप्टनला कागदांच्या कामासाठी गावात फिरायचा पास मिळतो. संध्याकाळी सहापर्यंत… हो, त्यावर नोंदणी कार्यालयाची टेकडीही येते. मी विचारलं. म्हटलं, मॅडम, काम म्हणजे कुठलं काम? बाईंनी पास उलटा करून दाखवला आणि म्हणाल्या… म्हणजे मला जे समजलं ते असं, की त्यात कामाचा रकाना नाही. रकाना नाही तर प्रश्न नाही. इतकं सुंदर वाक्य मला एकतीस वर्षांत सुचलं नाही.

हो. मिळाला. खिशात आहे… पाऊण तास झाला.

काय म्हणालीस?

हं… हं… ऐकतोय… नाही, ऐक… अगं, मला बोलू तर दे! 'तुम्ही तरी जा' काय? 'दोघांपैकी एकानं तरी' काय? आवाज असा करू नकोस, तुझा तो समजूतदार आवाज मला अजिबात सहन होत नाही. त्यापेक्षा ओरड.

हो, भाषण माझंच आहे. तीन महिने लिहितोय, माहीत आहे. आरशासमोर केलंय. बोटीवर केलंय, उलट्या करता करता केलंय. माहीत आहे मला.

मग अजून इथे का बसलोय? तेच तर सांगतोय. तू ऐकतच नाहीस. अर्ज भरत होतो… आणखी एक. 'चूक दुरुस्तीचा अर्ज.' इथेही असतो तो. आमच्याकडे गुलाबी होता, यांच्याकडे पांढरा. मी असे अर्ज परत पाठवायचो. 'चूक कोणाची ते स्पष्ट लिहा' असा शेरा मारून.

तर स्पष्ट लिहिलं.

खलाशांची यादी होती ना, आपण पाच प्रतींत केली ती? बोटीचा शिक्का मारून. नांगराचं चित्र असलेला, मी हौसेनं बनवून घेतलेला. त्यात काय होतं? 'कॅप्टन', त्यापुढे माझं नाव. 'स्वयंपाक व इतर मदत', त्यापुढे तुझं… तू तेव्हा काही बोलली नाहीस. मी म्हटलं, बघ किती रुबाबदार दिसतंय, आणि तू म्हणालीस, दिसतंय खरं.

दुरुस्त केलं ते.

कसं म्हणजे? तुझं लायसन्स दाखवलं… बोटीचं लायसन्स. मूळ प्रत… नाही गं, ते लॅमिनेट नाही केलं! ते कधी बाहेरच काढलं नाही मी. चार वर्षं पाकिटात, माझ्या दोन्ही नापासाच्या पत्रांच्या मागे… हो, तीही जपून ठेवलीत. कागद टाकवत नाहीत मला.

नाही. त्यांनी मागितलं नव्हतं. यादी चालली होती त्यांना. पास माझ्या नावानं झालाच होता. मीच खिडकीशी परत गेलो.

म्हटलं… काय म्हटलं? मोडकंतोडकंच म्हटलं. म्हटलं, मॅडम, चूक झालीय. कॅप्टन मी नाही. बाई म्हणाल्या, मग ही बोट इथवर कुणी आणली? मी खिडकीतून दाखवलं. तू तेव्हा शिडाची दोरी गुंडाळत होतीस. बाईंनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि बराच वेळ बघितलं.

मग मला म्हणाल्या, आणि तुम्ही? म्हटलं, मी लॉगबुक लिहितो. रोज. सुवाच्य. त्यांनी लॉगबुक उघडलं. 'रात्री वारा वाढला. कॅप्टननं शीड कमी केलं. सुकाणू पहाटेपर्यंत कॅप्टनच्या हाती.' मी तसंच लिहिलं होतं, हो. खोटं नव्हतं त्यात काही. फक्त कॅप्टन म्हणजे कोण, ते वाचणाऱ्यावर सोडलं होतं. तू सात तास उभी होतीस आणि मी बादली धरून खाली बसून तुझं शौर्य माझ्या नावावर लिहीत होतो. पेन मात्र हलू दिलं नाही.

आता सोसायटीतल्या लोकांना सांगायचं काय?… काय सांगायचं ते सांगू. तो वरच्या मजल्यावरचा डॉक्टर मला जिन्यात 'काय कॅप्टन!' म्हणतो, त्याला सांगायला जरा जड जाईल. त्याला आपण लेखी कळवू.

नाही, हसल्या नाहीत. मी असतो तर हसलो असतो. त्यांनी अर्ज घेतला, वाचला, शिक्का उचलला आणि मारला. साध्या कागदावर. बसला, बघ! असा ठप्पकन बसला… हो, तोच आवाज, मघाशी तुझा पाचवा फोन चुकून उचलून कापला तेव्हा तू ऐकलास तो. मला वाटलं फोनमधून आला नसेल.

तेव्हा खिशातला पास आता तुझ्या नावाचा आहे. माझा परत घेतला. थांब, थांब, रडू नकोस, ऐक, अट आहे. दोघं एकाच वेळी जमिनीवर असता कामा नये. खलाशी आधी बोटीवर चढला पाहिजे, मग कॅप्टननं उतरायचं. बाई खिडकीतून बघणार आहेत. आणि त्या बघणार म्हणजे बघणारच. मी तसाच होतो.

निघालो. बाहेर पडलो. काय ऊन आहे!… तीन वाजायला दहा कमी. बोलत बोलत चालतो. तू मला बूट घालून दाखव. ते उंच टाचांचे नकोत, टेकडी आहे. चपटे घाल… निळ्यावर काळे चालतात. कोण बघतंय?… बरं, सगळेच बघतायत, तरी चालतात.

फाटकातून डावीकडे. टॅक्सी उभी असते, पहारेकऱ्याला म्हटलंय मी. पहारेकरी म्हणजे तो मिशीवाला. पास गळ्यात अडकव, पर्समध्ये टाकू नकोस. तुझ्या पर्समध्ये गेलेली वस्तू सहाच्या आत सापडत नाही.

हो, पोरीशी बोललो… सांगितलं. सगळं नाही, लॅमिनेटचं सांगितलं. ती हसली. मग रडली. मग फोन त्याच्याकडे दिला. जावई म्हणाला, लग्न झालं की सगळेच खाली येतो, कुंपणाशी. पाच वाजता. तुझी बहीणसुद्धा, हो, ती चुकवणार नाही. मी इथे डेकवर टाय लावून उभा राहीन. तारेच्या या बाजूनं आशीर्वाद देईन. आशीर्वादाला परवाना लागतो का, ते बाईंना विचारलं नाही. रकाना नसेल.

अगं, काही वाईट नाही वाटत मला. म्हणजे वाटतंय. वाटणारच. पण ती लहान होती तेव्हा तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला कोण गेलं? तू. मी खिडकीवर असायचो. लोकांना परत पाठवत. आज ती मागे वळून पाहील तेव्हा तिथे तूच दिसायला हवीस, तिला तीच सवय आहे. मी एकदम दिसलो तर घाबरेल बिचारी.

नाही, चेष्टा नाही करत. म्हणजे करतोय. दोन्ही.

दिसलो का? हा बघ, मीच. शर्टाच्या बाहीवर शिक्का असलेला… हळूच येतोय, फळी हलते. आणि ऐक, शेवटचं. टेबलाच्या खणात निळी फाइल आहे. त्यात भाषण आहे. ते तू वाच… हो, तूच. मोठ्या अक्षरात लिहिलंय, चष्मा लागणार नाही. 'माझ्या बायकोनं' असं जिथे जिथे येईल तिथे 'मी' म्हण, बाकी काही बदलू नकोस. दुसऱ्या परिच्छेदात जरा थांबायचं. तिथे मी थांबतो.

काय म्हणालीस, तुला मधेच रडू येईल? येऊ दे. खुशाल रड.

लॅमिनेट केलंय ते.

चल, फोन ठेव आता. हात दे… समोरच तर उभी आहेस.